अदब आणि कदर

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गाला आम्ही एक सोपा गृहपाठ दिला होता. आपल्या दादा-दादीविषयी किंवा नाना-नानीविषयी दहा वाक्ये लिहून आणा. उर्दू माध्यमाच्या शाळेत असे दहा 'जुमल्यां'चे निबंध नेहमीच दिले जातात. विषय घरचा आहे, मुलांना अवघड जाणार नाही, असे वाटले होते. दुसऱ्या दिवशी चाळीस वह्या टेबलावर आल्या. तपासायला बसलो तर बहुतेक निबंध एकाच साच्यातून काढल्यासारखे. माझी दादी फार नेक आहे. ती पाच वेळा नमाज पढते. ती माझ्यावर फार प्रेम करते. मी तिचा अदब करतो. लिखाण शुद्ध होते, अक्षरही बरे होते, तरी काहीतरी राहून गेल्यासारखे वाटत होते. चार-पाच वह्या झाल्यावर ध्यानात आले की दादीचे नावच कुठे नाही. चाळीसपैकी फक्त सात वह्यांत आजीचे नाव सापडले.

वर्गात एका मुलाला उभे केले. "तेरी दादी का नाम क्या है?" त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "सर, दादी." सगळा वर्ग हसला, तोही हसला. आम्ही रागावलो. जिच्या हातचे रोज खाता तिचे नाव माहीत नाही, हा कसला अदब, वगैरे बरेच बोललो. शिक्षकाला असे बोलण्याची सवयच असते.

त्या रात्री घरी एक कोरा कागद घेऊन स्वतःच तो गृहपाठ करायला बसलो. दादांचे नाव लिहिले. दादीचे लिहिले, तेही रेशनकार्डावर वाचलेले होते म्हणून. तिच्या आईचे नाव? माहीत नाही. तिचे माहेर? 'उस्मानाबादकडचे', एवढेच ऐकलेले. लग्न कोणत्या साली झाले? माहीत नाही. तिला खायला काय आवडायचे? ती आम्हाला वाढायची. तिच्या ताटात काय असायचे हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. दहा वाक्ये पूर्ण झाली नाहीत. जी झाली ती त्या मुलांच्या वाक्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती.

आम्ही म्हणजे हा लेख लिहिणारे एकटे नव्हे. आमच्या वयाची चुलत-आते भावंडे, मित्र, शाळेतले सहकारी, सगळ्यांची थोड्याफार फरकाने हीच स्थिती आहे. आणि वडीलधाऱ्यांचा अदब करण्यात आमची पिढी कमी पडली असे मुळीच नाही. दादा आले की आम्ही खाटेवरून उठून उभे राहत होतो. त्यांच्यासमोर मोठ्याने बोललो नाही, उलट उत्तर दिले नाही. ईदच्या दिवशी नमाजहून आल्याबरोबर आधी त्यांना सलाम करून ईदी घेतली. मग कमी काय पडले?

आम्हाला वाटते, अदब वेगळा आणि कदर वेगळी. दोन्ही शब्द अरबीतून आले आणि दख्खनच्या मातीत रुजले. मराठीनेही 'कदर' आपलीशी केली आहे. या शब्दाच्या मुळाशी माप आणि मोल हा अर्थ आहे. कदर करायची तर आधी समोरच्याचे माप घ्यावे लागते, तो काय आहे, कशातून गेला आहे, हे जाणून घ्यावे लागते. अदबाला जाणण्याची गरज नसते. अनोळखी वृद्धाचाही अदब करता येतो, नव्हे करावाच. पण घरातल्या माणसाला आयुष्यभर नुसता अदबच दिला, तर तो माणूस आपल्याच घरात अनोळखी राहतो.

आमचे दादा-दादी बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यात राहत. अब्बा शहरात आले आणि त्यांनी आम्हाला उर्दू शाळेत घातले. घराण्यात उर्दू लिहायला-वाचायला शिकणारी आमची पहिलीच पिढी. गावाकडच्या घरात बोलली जाई ती दखनी. 'हौ', 'कायकू', 'मेरेकू' आणि दर वाक्याला 'नको'. शाळेत गुरुजी हे शब्द ऐकले की हातावर छडी मारत. साफ उर्दू बोला, म्हणत. तिसरी-चौथीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलो होतो. दादी ओरडली, "धूप में जाव नको रे!" आम्ही थांबून तिला शिकवले, "दादी, 'नको' नहीं बोलते, 'मत' बोलते." दादी हसली. म्हणाली, "हौ रे बाबा, मत तो मत." आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा 'नको' आला. आम्ही पुन्हा चूक काढली. त्या सुट्टीत तो आमचा खेळच झाला होता. मोठी माणसेही कौतुकाने हसत होती. पोरगा शिकतोय!

पुढे कधीतरी शहरातले आमचे मित्र गावी आले, तेव्हा दादी त्यांच्याशी फार बोलली नाही. चहा ठेवला आणि आत जाऊन बसली. त्या वेळी आम्हाला ते बरेच वाटले होते. हे लिहिताना लाज वाटते, पण तसेच वाटले होते.

बी.ए.ला उर्दू घेतले तेव्हा अभ्यासक्रमात दखनी अदब होता. गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह, 1635 साली 'सबरस' लिहिणारा मुल्ला वजही, औरंगाबादचा वली. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या दखनीत 'नको' आढळला. प्राध्यापकांनी फळ्यावर लिहून सांगितले की हा नकार मराठीतून दखनीत आला, दरबारी शायरांनीही तो वापरला. आम्ही ते पाठ केले, परीक्षेत लिहिले, गुण मिळवले. दादीच्या तोंडी जी चूक होती, ती पुस्तकात छापून आल्यावर वारसा झाली. दादी तेव्हा हयात होती. परीक्षा संपल्यावर आम्ही गावी गेलो, आठ दिवस राहिलो. तिला हे सांगितले नाही. सांगावे असे सुचलेही नाही.

दादा पिंजारी होते. खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरायचे. ज्या घरी लग्न असेल, ज्यांच्या गाद्या-उशा बसून गठ्ठा झाल्या असतील, त्यांच्या अंगणात बसून कापूस पिंजून द्यायचे. ताणलेल्या तातीवर लाकडी ठोका बसला की एक घुमणारा आवाज निघे आणि कापूस तुटून हवेत उडे. संध्याकाळी घरी येत तेव्हा दाढी, भुवया, पापण्या सगळे पांढरे झालेले असे. पुढे अब्बांनी शहरात गाद्यांचे दुकान टाकले, पिंजण्याचे यंत्र आणले. पाटीवर 'मन्सुरी' लिहिले. आम्हीही शाळेत मन्सुरीच सांगितले. मन्सुरी म्हटले की कसे भारदस्त वाटे. पिंजारी म्हटले की अंगाला कापूस चिकटल्यासारखे वाटे.

शेवटची दोन वर्षे दादा आमच्याकडे शहरात होते. रात्रभर खोकत. 2004 साली आमची दहावीची परीक्षा होती. एका रात्री आम्ही अम्मीला म्हणालो की या खोकल्याने अभ्यास होत नाही. दादांना थेट काही बोललो नाही, अदब पाळला. दुसऱ्या दिवसापासून दादांनी आपली खाट मागच्या पत्र्याच्या खोलीत नेली. कोणी सांगितले नव्हते, आपणहून नेली. त्याच पावसाळ्यात ते गेले. कापसाच्या बारीक धुळीने फुप्फुसे निकामी होतात, दम लागतो, खोकला जडतो, हे आम्ही फार नंतर वाचले. ज्या कापसाने तो खोकला दिला त्याच कापसाने दुकान उभे राहिले आणि त्याच दुकानाने आमची पुस्तके आणली. हा हिशोब त्या रात्री आम्हाला मांडता आला नाही. सोळाव्या वर्षी असले हिशोब येत नाहीत, असे म्हणून सुटका करून घेता येते. पण खाट हलली तेव्हा सकाळी ती परत आणायला सोळा वर्षे पुरेशी होती.

पुढची गोष्ट 2010 सालची. बी.एड.ला प्रवेश घ्यायचा होता. इतर मागासवर्गाच्या यादीत पिंजारी आहेत. मुस्लिम ओबीसींच्या चळवळीने आमच्यासारख्या कितीतरी घरांना ही वाट दाखवली. पण दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा हवा. अब्बांच्या कागदांवर जात नव्हती, नुसते 'मुसलमान' होते. शेवटी आम्ही गावच्या मराठी शाळेत गेलो. दादा लहानपणी दोन वर्षे तिथे शिकले होते. गुरुजींनी कपाटातून कापडात बांधलेले जुने रजिस्टर काढले. 1938 च्या पानावर दादांचे नाव होते आणि पुढे स्वच्छ अक्षरात 'मुसलमान पिंजारी'. आयुष्यभर जो शब्द आम्ही लपवला, तो दिसताच आनंदाने उडी मारावीशी वाटली. उतारा घेतला, दहा झेरॉक्स काढल्या. एस.टी. स्टँडकडे येताना वाटेत कब्रस्तान लागते. दादांना जाऊन सहा वर्षे झाली होती. दोन मिनिटे थांबून फातिहा पढावी असे मनात आले, पण गाडी लागलेली दिसली आणि आम्ही पळत सुटलो.

एरवी कोणी विचारणार नाही अशा या आजोबांची गरज कागदापुरती का होईना पडते. 2019 च्या डिसेंबरमध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला आणि नागरिक नोंदणीची चर्चा सुरू झाली. त्या हिवाळ्यात आपल्यापैकी किती घरांतल्या जुन्या ट्रंका उघडल्या गेल्या असतील! जन्माचे दाखले, सातबारा, शाळा सोडल्याचे दाखले. आमच्याही घरी ट्रंक उघडली. दादांचे कागद निघाले. दादीचे काय? ती 2013 साली वारली होती. रेशनकार्ड आणि मतदार ओळखपत्र, याशिवाय तिचा एकही कागद नव्हता. शाळेत ती गेलीच नव्हती. तिचे माहेरचे गाव तरी कोणते, म्हणून आम्ही बडे अब्बांना विचारले. ऐंशीच्या दशकापासून मुंबईत राहिलेले आमचे हे चुलते तेव्हा गावी परतले होते. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम लोगोंने कभी पूछा नहीं, उसने कभी बोला नहीं."

दादीचे माहेर उस्मानाबाद जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या धाराशिवमधले. तो मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. बार्शी इंग्रजी मुलखात. 1948 च्या सप्टेंबरमध्ये भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पाच दिवसांत निजामाची राजवट संपली. त्याआधी रझाकारांनी खेड्यापाड्यांतल्या हिंदूंवर जे अत्याचार केले ते सर्वांना माहीत आहेत. त्यानंतर ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा गरीब मुसलमानांवर जे गुदरले, ते फार काळ कोणी बोलले नाही. पंडित सुंदरलाल समितीने त्याची चौकशी केली. सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव तिने घेतले. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आलाच नाही. दादी तेव्हा नऊ वर्षांची होती. आईचा हात धरून ती रात्री चालत निघाली आणि बार्शीच्या हद्दीतल्या मामाच्या गावी आली. तिचे वडील मागाहून येणार होते. ते आले नाहीत.

दादी कधीकधी म्हणायची, "उस साल ज्वारी बोयी नहीं गई." भाकरी थापता थापता, कशाचा कशाला संबंध नसताना म्हणायची. आम्हाला वाटायचे, दुष्काळाची काहीतरी आठवण असेल. सोलापूरकडच्या म्हाताऱ्यांना दुष्काळाशिवाय दुसरे काय आठवणार! रब्बी ज्वारीची पेरणी भाद्रपद-आश्विनात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, हे शेतकऱ्यांच्या गावात सुट्ट्या घालवूनही आम्हाला जोडता आले नाही. 'कोणत्या साली, दादी?' एवढे तीन शब्द विचारले असते तर कदाचित सगळे उलगडले असते. आम्ही विचारले नाही, कारण मोठ्यांना उलटसुलट प्रश्न विचारू नयेत असेच शिकलो होतो. ज्या अदबाचा आम्हाला अभिमान, तोच इथे आडवा आला.

इथे कोणी म्हणेल की तिला सांगायचेच नसेल तर? गप्प राहण्याचाही माणसाला हक्क आहे. हे खरे आहे. विचारले असते तर बहुतेक ती म्हणाली असती, "पूछके क्या करते? खाना खाव पैले." पण न विचारणे आणि विचारल्यावर तिने न सांगणे यांत फरक आहे. दुसऱ्या बाबतीत गप्प राहणे तिचे असते. पहिल्या बाबतीत ते आमच्या बेफिकिरीचे असते आणि आम्ही ते तिच्या नावावर टाकतो.

मग प्रश्न येतो की ही समज वय वाढल्यावरच का यावी? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. मुलाच्या डोळ्यांसमोर आजी येते तीच मुळी म्हातारी होऊन. तिचे लहानपण, तिची तिशी त्याने पाहिलेली नसते, म्हणून ती झालीच नव्हती असे तो धरून चालतो. आजी म्हणजे जन्मापासून आजीच. जेव्हा आपली स्वतःची तरुणी मागे पडू लागते, कानाजवळचे केस पांढरे होतात, तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाताना कठड्याला हात जातो, तेव्हा कळते की म्हातारपण हा कोणाचा स्वभाव नसतो, ते माणसावर येते. आणि ज्याच्यावर ते आले तो त्याआधी कोणीतरी होता. आपण म्हातारे होऊ लागतो तसे आपले आजी-आजोबा आपल्या मनात तरुण होऊ लागतात.

बडे अब्बांनी सांगितले की 1972 च्या दुष्काळात दादी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. बाहेरून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, यांवर वर्ष काढले. सुकडीतली अर्धी ती पदरात बांधून पोरांसाठी आणायची. आम्ही वयाचा हिशोब केला. ती तेहतीस वर्षांची होती. आम्ही तेहतिसाव्या वर्षी काय करत होतो? निवडणुकीच्या कामाला जुंपले म्हणून स्टाफरूममध्ये तक्रार करत होतो. तक्रार खोटी नव्हती. पण तेहतीस वर्षांची एक बाई उन्हात हातोडा उचलते आहे हे चित्र त्या दिवसापासून डोळ्यांपुढून जात नाही. ती आता आमची दादी राहिलेली नाही. ती आमच्यापेक्षा वयाने लहान आहे. तिच्याकडे पाहिले की अदबापेक्षा काळजी वाटते.

मात्र एक सांगितले पाहिजे. उशिरा आलेल्या कदरीचा एक धोका असतो. मग आपण वडीलधाऱ्यांना वली करून टाकतो. पूर्वीची माणसे किती थोर होती, असे बोलू लागतो. दादांनी आमच्या फुफीला चौथीनंतर शाळेतून काढले. फुफी हुशार होती. गावचे गुरुजी दोनदा घरी येऊन गेले, दादा बधले नाहीत. दादीही काही बोलली नाही. फुफी आज सत्तरीच्या जवळ आहे आणि अजून नातवंडांच्या पुस्तकातल्या कविता मोठ्याने वाचून दाखवते. दादांचा खोकला समजला म्हणून फुफीवर झालेला अन्याय कमी होत नाही. कदर म्हणजे कौतुक नव्हे. माप घ्यायचे तर दोन्ही बाजूंनी घ्यावे लागते. ज्याचे दोष आपल्याला माहीत नाहीत त्याला आपण ओळखतच नाही. आणि दोष माहीत असूनही ज्याच्या कबरीवर डोळे भरून येतात, तोच आपला.

आपल्याकडे वृद्धांविषयी शिकवणुकीची उणीव नाही. आई-वडील वृद्ध झाले की त्यांच्यापुढे 'उफ' सुद्धा काढू नये, असे कुरआनने बजावले आहे. देशाचा कायदाही आहे. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे आजी-आजोबा नातवाकडूनही निर्वाहभत्ता मागू शकतात. जिथे पोटाला मिळत नाही तिथे असा कायदा हवाच. पण कायदा भाकरी देववू शकतो, समोर बसून ऐकायला लावू शकत नाही.

आम्हाला या संदर्भात सीरतमधला एक प्रसंग आठवतो. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचे वडील जन्माआधीच वारले होते. वयाच्या सहाव्या वर्षी आईही गेली. त्यानंतर दोन वर्षे आजोबा अब्दुल मुत्तलिब यांनी त्यांना सांभाळले. काबागृहाच्या सावलीत आजोबांसाठी बैठक अंथरली जाई. त्यांची मुले अदबाने भोवती बसत, त्या बैठकीवर कोणी पाऊल ठेवत नसे. छोटे मुहम्मद मात्र थेट येऊन त्यावर बसत. काका त्यांना बाजूला करू लागले की आजोबा अडवत, नातवाला जवळ बसवून घेत आणि पाठीवरून हात फिरवत. लहानपणी मदरशात हा प्रसंग ऐकला तेव्हा त्यातून आम्ही नातवाचे मोठेपण शिकलो. आता वाटते, तो आजोबांविषयीही काही सांगतो. भोवती बसलेल्यांचा अदब आजोबांना मिळतच होता. त्यांना बैठकीवर येऊन बसणारे कोणीतरी हवे होते.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. ज्याची कदर करायची तो गेल्यावर आलेली कदर काय कामाची? आम्ही दुआ करतो, फातिहा पढतो, आणि ते पोहोचते असा आमचा विश्वास आहे. पण दुआने दादांची खाट परत आतल्या खोलीत येत नाही. काही कर्जे अशी असतात की देणेकरी जागा होतो तेव्हा धनको उठून गेलेला असतो. ते कर्ज फिटले असे समजणे ही स्वतःची फसवणूक आहे. ते फिटत नाही. एवढेच करता येते की जे समोर आहेत त्यांच्या बाबतीत तेच पुन्हा होऊ द्यायचे नाही. आमच्या अम्मीची आता साठी उलटली आहे, आणि आमची मुले तिला फक्त दादी म्हणून ओळखतात. अब्बांना हल्ली रात्री खोकला येतो. फुफी हयात आहे. गेल्या ईदला आम्ही फुफीला विचारले, शाळा सुटली त्या दिवशी काय झाले होते? आधी ती "जाने दे रे" म्हणाली. मग दोन तास बोलत होती. तिने दादांना माफ केले की नाही ते तिने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. ते तिचे आहे.

वर्गाला तो गृहपाठ आम्ही पुन्हा दिला. या वेळी दहा वाक्ये नकोत, म्हणालो. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, त्यांचे नाव विचारा, आणि असा एक प्रश्न विचारा ज्याचे उत्तर तुम्हाला माहीत नाही. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, दखनी असेल तर दखनीत. 'नको' आला तर राहू द्या. हे सांगता सांगता मागच्या बाकावर गलका झाला आणि आमच्या तोंडून निघून गेले, "गडबड करो नको!" वर्ग हसला. एका मुलीने हळूच म्हटले, "सर, 'नको' नहीं, 'मत'." आम्ही म्हणालो, हौ.

ज्या मुलाने नाव 'दादी' सांगितले होते, त्याच्या वहीत या वेळी तीनच ओळी होत्या. पहिल्या ओळीत नाव. दुसरीत, ती लग्नाआधी विड्या वळायची आणि दिवसाला किती हे तिला अजून आठवते. तिसरीत, मी विचारले तेव्हा ती आधी म्हणाली की तुला काय करायचे आहे, आणि मग रात्री झोपेतून उठवून तिने सांगितले. आम्ही त्या वहीवर गुण दिले नाहीत. कशाचे देणार?

हा लेख आम्ही उर्दूत लिहू शकलो असतो. रोजचे आमचे लिहिणे उर्दूतच होते. पण दादा त्या गावच्या शाळेत दोन वर्षे शिकले ते मराठी. उर्दू त्यांना वाचता येत नव्हते. आमची पुस्तके ते हातात घेत, पाने उलटून पाहत आणि नीट मिटून परत ठेवत. त्यांना वाचता आला असता तर तो मराठीतच, म्हणून मराठीत लिहिला आहे.